हाताची विद्या

"मोजा," मी निपाणीच्या पाव्हण्यांना म्हणालो, उजवा हात पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तसाच ओला हात गुळाच्या उकळत्या काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, घातला.

नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांचे भाऊ, मुलाचे वडील सातगोंडा, चांगला मिशीवाला माणूस, दोन पावलं मागं सरले. मी चिमूटभर पाक वर काढला, पाण्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टप् असा मऊ आवाज आला.

"अजून अवकाश आहे," मी म्हणालो.

"अहो, भाजलं नाही?" आत्याबाईंनी विचारलं.

"कशानं भाजंल? चाळीस वर्षांची वळख हाय आमची."

आता खरं सांगतो. ओला हात डोळ्याचं पातं लवायच्या आत पाकात जाऊन बाहेर आला, तर अंगावरचं पाणी त्याला सांभाळतं. दूधगंगेच्या काठावरचा गूळ काढणारा प्रत्येक गुळव्या हेच करत आला आहे. गूळ तयार झाला की नाही, हे त्या गोळीवरून बोटांना कळतं आणि मग काहील खालच्या भट्टीवरून, चुलवणावरून, उतरवायची. पण बाकीचे गुळवे हात घालताना तोंड वाकडं करायचे, ओठ चावायचे. मी पाकात बोटं जरा फिरवायचो, वर काढून पाव्हण्यांना दाखवायचो, तंबाखूही मागायचो. माझ्या कपाळावर आठी पडायची नाही. त्यामुळं मुधाळपासून कागलपर्यंत माझ्या हाताचं नाव झालं होतं. लोक गाड्या करून बघायला यायचे.

"ही विद्या कुठं मिळाली?" सातगोंडांनी विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच बघत असायचो. कागलच्या लोकांना मी सांगितलं होतं की लहानपणी एका नागानं माझा तळहात चाटला. राधानगरीच्या एका मास्तरांना सांगितलं होतं की मी आईच्या पोटात असताना आमची काहील फुटली आणि आई गुडघाभर पाकात उभी राहिली. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. निपाणीकरांना मी गोकाकचा साधू दिला.

"गोकाकच्या धबधब्यामागं एक साधू बसलेला असायचा," मी म्हणालो. "बारा वर्षं नुसता धूर खाऊन राहिलेला. म्हणजे सकाळी विडीचा, संध्याकाळी चुलीचा. त्यानं माझा हात हातात घेतला, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, केरबा, या हाताला विस्तव लागायचा न्हाई. पर एक अट हाय. जिभेला गोड लावायचं न्हाई. ज्या दिवशी लावशील त्या दिवशी विद्या गेली."

"म्हणजे तुम्ही गूळ खातच नाही?" आत्याबाईंनी हातातला कालच्या गुळाचा खडा तसाच धरून विचारलं. तो त्यांनी मलाच देण्यासाठी आणला होता.

"सतरा वर्षं झाली, आत्याबाई."

त्यांनी तो खडा पदरात बांधला आणि मला हात जोडले. आमचे मालक बाबगोंडा पाटील शेजारीच उभे होते. त्यांची छाती फुगली. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न निपाणीत ठरायचं होतं. पाव्हणे जमीन बघून झाले होते, विहीर बघून झाले होते, आता माझा हात बघत होते.

साधूच्या गोष्टीत एक गोष्ट मात्र खरी होती. सतरा वर्षं मला गोड बंद होतं. मला साखर होती.

आता तुम्ही हसाल. गावही हसलं असतं, म्हणून तर सांगितलं नव्हतं. पण हसण्याचं सोडा. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला गूळ देतात आणि तो नको म्हणायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. गुळव्यानं नको म्हटलं तर त्याच्या गुळातच काहीतरी खोट आहे असं धरतात. मालकांच्या आईनं एकदा माझ्या तोंडात खडा कोंबला, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं की दवाखान्यातली मांजरं पळाली. त्याच रात्री मी साधूला जन्माला घातलं. तेव्हापासून कुणी आग्रह केला नाही. उलट कुणी खडा पुढं केलाच तर दुसराच ओरडायचा, "आरं, तात्याची विद्या घालवतोस का?"

मालकांना न सांगण्याचं कारण वेगळं होतं. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावर शंकर गुळव्याला चक्कर आली होती आणि तो काहिलीच्या काठावरच बसकण मारून पडला होता. आमचे मालक त्या दिवशी माझ्यादेखत म्हणाले होते, "चक्कर येणारा माणूस माझ्या काहिलीजवळ नको बाबा. माझ्या डोक्याला ताप." शंकर घरी बसला तो बसलाच. गुळव्यानं घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मला दुसरं काही येत नव्हतं. गोष्टी सांगता यायच्या, पण त्याला कुणी मजुरी देत नाही.

त्यामुळं रोज पहाटे बायको, हौसा, ओल्या वाळूच्या मडक्यातनं औषधाची बाटली काढायची, सुई भरायची आणि मी उसाच्या चिपाडाच्या गंजीमागं जाऊन मांडीत टोचून यायचो. तिथं कशाला जातो म्हणून विचारलं तर गंजीत एक घोरपड आहे, तिला नमस्कार करून येतो, असं सांगायचो. दोन मजूर तीन दिवस ती घोरपड शोधत होते.

आणि हाताची विद्या? तीही साखरेचीच. साखर लागल्यापासून बाराव्या-तेराव्या वर्षी आधी तळपाय बधिर झाले. मग बोटांची टोकं. पाकात हात घातला तरी काही कळेना. फोड यायचे. फोडांना कळत होतं, मला नव्हतं. हौसा हळद-तेल लावायची आणि पिवळा हात बघून लोकांना वाटायचं, देवाचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तात्या, हातपाय रोज डोळ्यांनी बघायचे. ते स्वतःहून काही सांगणार नाहीत." मी म्हणालो, "बाई, आमच्या घरात सगळेच असे हाईत." त्या हसल्या नाहीत.

तर मग गोळी वळून गूळ कसा कळायचा?

कळायचाच नाही. खरं सांगतो म्हणालो ना. तीन हंगाम मी नुसतं नाटक केलं. मला सांगायचा तो जोती.

जोती आमचा जळव्या. काहिलीखालच्या चुलवणात चिपाड घालणारा. तो खाली खड्ड्यात बसायचा, वर काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही. काळा, सुकलेला, चाळिशीचा गडी, दिवसाला दहा शब्द बोलणारा. एकदा मी विस्तवातनं काढलेला लोखंडी आकडा उघड्या हातानं धरला आणि धरूनच बसलो. जोतीनं वास आल्यावर वर बघितलं, माझ्या हातातनं आकडा काढून घेतला आणि माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "तात्या, मी खोकतो."

"खोकला झालाय?"

"न्हाई. गूळ झाला की खोकतो."

त्याला काहिलीच्या बुडाचा आवाज ऐकू यायचा. रस पहिल्यांदा सळसळतो, मग भडभडतो, मग पाक जड होतो आणि बुडबुडे दमून फुटायला लागतात. कुठल्या बुडबुड्याला गूळ झाला, हे जोतीच्या कानाला माझ्या चांगल्या दिवसांतल्या बोटांपेक्षा जास्त कळत होतं. तो दोनदा खोकायचा. मग मी ऐटीत हात घालायचो, गोळी मारायचो आणि ओरडायचो, "उतरा!"

तीन हंगाम आमचा गूळ बाजारात पहिला होता.

त्या दिवशी निपाणीचे पाव्हणे अकराला यायचे होते. मी पहाटे सुई घेतली. पहिलं आदण, म्हणजे दिवसाची पहिली काहील, उतरवलं की दहाला भाकरी खायची, असं माझं ठरलेलं. पण मालकांनी निरोप पाठवला, पाव्हणे लवकर येतायत, पहिलं आदण त्यांच्यासमोरच होऊ दे. मग पाव्हणे उशिरा आले. रस काहिलीत पडला होता आणि एकदा रस काहिलीत पडला की गुळव्यानं काठ सोडायचा नसतो. भाकरी झाडाच्या फांदीला फडक्यात टांगलेली मला दिसत होती. साडेबारा झाले.

साधूची गोष्ट सांगताना मला घाम फुटला होता. चुलवणाजवळ घाम सगळ्यांनाच येतो, पण हा गार घाम होता. हात थरथरत होते. ही लक्षणं मला पाठ होती; सुई घेऊन पोट रिकामं राहिलं की साखर उतरते. अशा वेळी एक सुपारीएवढा गुळाचा खडा तोंडात टाकायचा, की पाच मिनिटांत माणूस जागेवर. माझ्या पुढ्यात तीनशे किलो गूळ उकळत होता. मागं गूळ ओतायच्या वाफ्यात काकवीची कळशी होती. आत्याबाईंच्या पदरात खडा होता.

आणि मी आत्ताच सगळ्यांसमोर सांगून बसलो होतो की ज्या दिवशी गोड खाल्लं त्या दिवशी विद्या गेली.

म्हटलं, थोडा दम धरू. पाव्हणे रस प्यायला झाडाखाली गेले की चाटून घेऊ.

पाव्हणे जाईनात. सातगोंडा म्हणाले, "गूळ उतरल्याशिवाय आम्ही हलत नाही."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. जे सांगतोय ते मागनं हौसानं आणि इतरांनी सांगितलेलं आहे. मी म्हणे काहिलीकडं बोट दाखवून म्हणालो, "मालक, तुमचे वडील बगा पोहायला उतरले." मालकांचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. पाव्हणे हसायला लागले. त्यांना वाटलं, ही पुढची गोष्ट. मी म्हणालो, "अवो, धोतर सुटालंय त्यांचं, कुणीतरी धरा की." आत्याबाई डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मालकांच्या वडलांशी चांगली पाच मिनिटं बोललो. म्हशीच्या एका वादाबद्दल त्यांची बाजूही घेतली.

खालनं जोती खोकला. दोनदा. मग परत दोनदा. मग त्यानं खोकल्याचं असं काही सत्र लावलं की सातगोंडा म्हणाले, "या माणसाला क्षय आहे का?"

मी काही ओरडलो नाही. जोतीनं चिपाड ओढून बाहेर काढलं, पण चुलवण लाल झालेलं, ते काय लगेच गार होतंय? शेवटी तो खड्ड्यातनं वर आला. अंगावर काजळी, डोळे धुरानं लाल, आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता तो माणूस ओरडला, "उतरा! आरं उतरा!" तोवर मी काहिलीच्या काठावर पुढं झुकलो होतो. धोतर धरायला. जोतीनं माझ्या सदऱ्याला मागनं धरून मला जमिनीवर आपटलं, गुडघा माझ्या छातीवर ठेवला, कळशीत हात घातला आणि मूठभर काकवी माझ्या तोंडात कोंबली.

मला जेव्हा माणसं ओळखू यायला लागली तेव्हा माझी दाढी चिकट झाली होती आणि हौसा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काहील उतरवली होती. करपलेल्या गुळाचा वास सगळ्या मळ्यावर पसरला होता.

मालक जोतीसमोर उभे होते. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"दारू पिऊन आलास?"

जोती हातावरची काकवी धोतराला पुसत राहिला.

"पाव्हण्यांसमोर? माझ्या गुळव्याच्या छातीवर बसतोस? आदण जाळलंस ते जाळलंस, त्याच्या तोंडात गोड घातलंस! सतरा वर्षं सांभाळली होती त्यानं विद्या. तुला म्हाईत नव्हतं?"

"म्हाईत हुतं," जोती म्हणाला.

"मग?"

जोतीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघितलं.

"चूक झाली, मालक."

"उचल तुझं घोंगडं. परत या बांधावर दिसू नकोस. आणि कुठल्या गुऱ्हाळावर तुला कोण ठेवतंय तेही बघतो मी."

मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होतो. जीभ सुटली होती, डोकं ताळ्यावर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. पण त्या वाक्याच्या पलीकडं शंकर गुळव्या त्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसलेला मला दिसत होता. सकाळी बसायचा तो संध्याकाळपर्यंत.

जोतीनं घोंगडं खांद्यावर टाकलं. चिलीम कनवटीला लावली. वाटेवरचं एक पेटकं चिपाड पायानं चुलवणात सरकवलं, सवयीनं. आणि चालायला लागला.

हौसा माझ्या कानाशी वाकली. "बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"रोज तर त्वांड बंद नसतंय. आज बोला."

जोती उसाच्या कडेनं बांधाला लागला. त्याची पाठ दिसत होती.

"मालक," मी उठून बसलो, "जोतीनं काही केलं न्हाई. मला साखर हाय. सतरा वर्षं. सुई घेतो रोज. आज भाकरी खायला उशीर झाला म्हणून मला भोवळ आली. मला आदण कळलं न्हाई. त्यानं मला काकवी घातली नसती तर मी काहिलीत गेलो असतो."

मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. ते माझ्यापाशी आले, खाली बसले.

"तात्या," ते म्हणाले, "तुमचं काळीज मोठं हाय. पर त्याला वाचवायला असल्या गोष्टी सांगू नका."

"गोष्ट न्हाई ही."

"गुळव्याला साखर!" सातगोंडा हसले. "वा! साधूपेक्षा ही चांगली आहे."

मजूर हसले. पाव्हणे हसले. मी हातवारे करून सांगत होतो आणि जेवढं सांगत होतो तेवढे ते जास्त हसत होते. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी जेवढ्या थापा मारल्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांनी बिनबोभाट उचलल्या होत्या. एक खरी गोष्ट घेऊन आलो तर ती कुणी घेईना. हौसा म्हणाली, "खरं हाय त्यांचं, मालक," तर मालक म्हणाले, "वहिनी, तुमी त्यांच्या बायको. तुमी तसंच म्हणणार."

"बाभळीचा काटा आणा," मी म्हणालो.

"कशाला?"

"आणा तर."

एकानं आणला. चांगला दोन बोटं लांब. मी डोळे मिटून उजवा हात पुढं केला. "टोचा. कुठल्या बोटाला टोचला ते मी सांगतो. सांगता आलं तर मी खोटा."

कुणी पुढं होईना. मालकांनी काटा घेतला आणि तसाच धरून बसले. तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांनी मालकांच्या हातातनं काटा घेतला, माझ्यासमोर मांडी घातली आणि माझा पंजा आपल्या हातात घेतला. म्हणजे घेतला असावा. मला कळलं नाही.

"आता कुठं?" त्यांनी विचारलं.

"करंगळी," मी अंदाजानं म्हणालो.

मागचं हसणं थांबलं.

"आता?"

"आंगठा?"

"आणि आता?"

"अजून टोचलाच न्हाई तुमी."

मी डोळे उघडले. मधल्या बोटातनं, तर्जनीतनं आणि परत मधल्याच बोटातनं रक्ताचे थेंब आले होते. काटा तिसऱ्या ठिकाणी अजून आत होता. आत्याबाईंनी तो हळूच काढला आणि पदरानं रक्त पुसलं. त्या आता हसत नव्हत्या.

"आमच्या ह्यांनाही साखर. पायात खिळा गेला होता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस चपलेसकट घेऊन बाजारात हिंडत होते. मला चपलेवरच्या रक्तावरनं कळलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुई किती वाजता घेतली?"

"पाटं."

"आणि जेवण?"

मी फांदीला टांगलेल्या फडक्याकडं बोट केलं.

"म्हणजे आमची वाट बघत," आत्याबाई म्हणाल्या. मग भावाकडं वळून म्हणाल्या, "सातगोंडा, टाळ्या कुणी वाजवल्या रे मघाशी?"

सातगोंडा मिशी चाचपत उसाकडं बघायला लागले.

मालक माझ्या हाताकडं बघत होते. ते हुशार माणूस. जे मला सांगायचं नव्हतं तिथंच ते पोचले.

"तात्या, बोटाला काय कळत न्हाई म्हणता. मग तीन वर्षं गोळी कशी कळत होती?"

"कळत नव्हती."

"मग गूळ कोण काढत होतं?"

मी बांधाकडं बोट दाखवलं. बांध रिकामा होता.

"तो खालनं खोकायचा," मी म्हणालो.

मालक उठले. दोन येरझाऱ्या घातल्या. करपलेल्या गुळाचा एक तुकडा उचलून वासही घेतला. "म्हणजे तीन वर्षं," ते म्हणाले, "माझा गूळ जळव्याच्या खोकल्यावर चालला हुता. आणि मी लोकांना तुमचा हात दाखवत हुतो."

"व्हय."

"आणि त्या खोकणाऱ्याला मी आत्ता हाकलला."

"व्हय, मालक."

"बोलवा त्याला," ते ओरडले. दोन मजूर निघाले. मी म्हणालो, "मी जातो." हौसानं भाकरी सोडून माझ्या हातात दिली. "खात खात जावा," ती म्हणाली, "न्हाईतर तिथं परत मालकांचे वडील पोहायला उतरतील."

जोती ओढ्याच्या दगडावर बसला होता, चिलीम न पेटवता. मी शेजारी बसलो. अर्धी भाकरी त्याला दिली. त्यानं घेतली नाही.

"तुमी बोलला न्हाईसा," तो म्हणाला.

"बोललो."

"कवा?"

"उशिरा."

तो ओढ्याकडं बघत राहिला. मी भाकरी चावत राहिलो. न चावून चालणार नव्हतं.

"सगळं सांगितलंय," मी म्हणालो. "सुईचं, खोकल्याचं. आता काहिलीवर तू. मालक बोलवालाय."

"मी न्हाई येत."

"राग हाय, तर चार शिव्या दे. मर्दा, तुझा हक्कच हाय."

"राग हाय," जोती म्हणाला. "पर त्याच्यासाठी न्हाई म्हणालो. मी वर आलो तर तुमी कुठं जाणार?"

त्या दिवशी तो दहापेक्षा जास्त शब्द बोलला होता. मी त्याची अर्धी भाकरी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

"बसंन मी कुठंतरी," शेवटी म्हणालो. "पाव्हण्यांना रस देईन. हाताला काय कळत न्हाई, जिभेला कळतंय की. चल."

त्यानं अर्धी भाकरी घेतली. खाल्ली. मग उठला.

आम्ही परत आलो तेव्हा काहील घासून परत चुलवणावर चढवली होती. मालक जोतीला काही बोलले नाहीत. त्यांना जमलं नाही. स्वतः खड्ड्यात उतरून त्यांनी दोन पेंढ्या चिपाड चुलवणात घातलं, तेही चुकीच्या बाजूनं. जोतीनं वरनं सांगितलं, "मालक, डावीकडनं." मालक म्हणाले, "बरं." तेवढ्यात काय ते समजून घ्यायचं.

माझ्यासाठी त्यांनी रसाच्या पिंपाशेजारी एक स्टूल मांडलं. काहिलीपासून सात पावलांवर. मी मोजली. आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि औषध कुठलं, किती घेता, पाय रोज बघता का, म्हणून विचारत राहिल्या. त्यांना माझ्या एकाही उत्तरात साधू सापडला नाही.

उन्हं उतरायला लागली तसा पाक जड झाला. जोती काहिलीच्या काठावर उभा होता, मान एका बाजूला झुकवून. खाली ऐकायची त्याला सवय, वर ऐकू येतंय की नाही याचा त्याला अंदाज घ्यावा लागत होता. मग त्यानं मान सरळ केली.

"झाला," तो म्हणाला.

"मग हात घाल," मी स्टुलावरनं म्हणालो. "गोळी मारल्याशिवाय उतरायचं नसतंय. रीत हाय."

त्यानं हात बादलीत बुडवला. काहिलीकडं बघितलं. परत बादलीत बुडवला. मजूर हसायला लागले. सातगोंडा म्हणाले, "मोजू का?" आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते परत मिशीकडं वळले.

जोतीनं हात घातला आणि वाघ चावल्यासारखा ओरडला. "आई गं!" बोटाला पाक चिकटलेला, तो बादलीत झटकताना बादली उलटी, एक पाय चिखलात, आणि तशातही त्यानं गोळी वळून काठावर मारली. टण् वाजली. "उतरा!" तो ओरडला आणि सहा माणसांनी दांडे खांद्यावर घेतले.

गूळ वाफ्यात पडला. चांगला केशरी पडला. जोती माझ्याजवळ आला, बोटं तोंडाशी धरून फुंकर मारत, डोळ्यांतनं पाणी गळतंय.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"हात गेला की माझा, तात्या!"

"ते दिसतंय. कसं लागतंय ते सांग."

तो माझ्याकडं बघायला लागला.

"म्हणजे?"

"पहिल्यांदा काय वाटतंय?"

"पहिल्यांदा..." तो जरा थांबला. "पहिल्यांदा गारच लागतंय. खोटं न्हाई. मग कुणीतरी चावल्यागत हुतंय."

"मग?"

"मग आत जातंय. हाडात. आन् आता ठणकालंय, नाडीसंगट. ठण, ठण."

"कुठल्या बोटाला जास्त?"

"मधल्या. नखाच्या खाली." तो चेहरा वेडावाकडा करून म्हणाला, "आता वारा लागला की आणखी झोंबालंय. तात्या, हे काय इचारालाय तुमी?"

"सांग रे," मी म्हणालो. "अजून सांग."

जोती माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसला आणि बोटांवर फुंकर मारत एकेक सांगत राहिला. मी माझी बोटं एकमेकांवर घासत ऐकत होतो.